शहात्तरचा ठोका

४ मार्च, सकाळ

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. शाळेत मदर पत्रलेखन शिकवत होत्या तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतीस, ते अजून दिसतं. ना नमस्कार, ना विचारपूस. माझी तब्येत बरी आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगते. गुडघा कुरकुरतो. वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरने नवं यंत्र आणलंय, ते दिवसभर माझ्या डोक्यावर किरकिरतं.

तू लिहितेस, ‘तिने पियानो बंद केलाय. शनिवारच्या प्रवेशपरीक्षेला जाणार नाही म्हणते. या घरातली ही दुसरी. झालं समाधान?’

नाही झालं. आणि मी असं काय केलं गं? भाचीने मला वाजवून दाखवलं, मी मत दिलं. पस्तीस वर्षं शाळेत पियानो शिकवला. निवृत्त झाले म्हणून कान कपाटात ठेवलेले नाहीत. नॉक्टर्न म्हणजे रात्रीची धून, ती काय बस सुटत असल्यासारखी वाजवायची? मी एवढंच म्हटलं, “सुरांना श्वास घेऊ दे.”

“घेतायत की, मावशी. तू त्यांना झोपवतेस.”

जीभ तुझीच आहे. मग तिने पानावर बोट ठेवलं. “हे बघ, छापलंय. मिनिटाला शहात्तर ठोके.”

मी सांगितलं, छापील आकडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. खोली घुमणारी असेल, पियानोचे खालचे सूर जड असतील, तर वेग उतरवावा लागतो. हे मी आजही म्हणेन. वाद तिथेच थांबला असता तर तो चांगला वाद होता. दोघींचंही थोडं थोडं बरोबर होतं.

पण मला थोडं पुरत नाही. मी मदरचा तो ठोके देणारा मेट्रोनोम काढला, पियानोवर ठेवला, काटा शहात्तरवर लावला आणि म्हटलं, “वाजव याच्याबरोबर.” दुसऱ्या ओळीतच ती पुढे गेली. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर म्हणाले, “तुझ्या आईचंच रक्त. घाई, घाई.” त्या हसल्या. पोरीने झाकण लावलं. आपटलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. हळूच लावलं. तू लावलं होतंस तसंच.

इथवर लिहून चहा केला. तो समोर गार झाला.

भाची गेल्यावर दोन दिवसांनी मी तो मेट्रोनोम घड्याळजीकडे नेला. कशाला नेला, ते कळेलच. त्याने डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ समोर ठेवलं, मिनिटभर मोजलं. “बाई, शहात्तरवर लावलंय, पण सहासष्टच मारतंय. आतलं खालचं वजन सरकलंय. कधीतरी जोरात पडलं असणार.”

“असेल,” मी म्हटलं.

असेल कसलं! मीच पाडलं होतं. शाळेच्या कार्यक्रमात वाजवायला मदर आपल्यातल्या एकीला निवडणार होत्या, त्याच्या आठवडाभर आधी. वर्गात एकटी होते, खिडकी लावताना कोपर लागलं. उचलला, चालू केला, भिंतीवरच्या घड्याळावर मोजला. सहासष्ट. पुन्हा मोजला. सहासष्ट. मदर ओरडतील म्हणून गप्प बसले, एवढंच. तेवढंच असतं तर बरं झालं असतं. पण सहासष्टला मला हाच नॉक्टर्न वाजवता यायचा आणि शहात्तरला नाही. मी आठवडाभर त्या मोडक्या ठोक्यावरच सराव केला. तुला ठोका लागायचाच नाही, तो तुझ्या अंगात होता. सोळा वर्षांची होतीस.

निवडीच्या दिवशी तू वाजवत होतीस, मी शेजारी पानं उलटायला बसले होते. मदर त्याच मेट्रोनोमच्या ठोक्याला पट्टी आपटत होत्या, “मागे ये, मागे ये!” तू थांबलीस आणि म्हणालीस, “मदर, हे चुकतंय, मी नाही.” त्या म्हणाल्या, “यंत्र खोटं बोलत नाही, मुली बोलतात.” सगळा वर्ग बघत होता. तू माझ्याकडे वळलीस. “ताई, तू सांग ना. मी घाई करतेय का?”

मी म्हटलं, “हो.”

कार्यक्रमाला मी गेले. तू झाकण लावलंस ते कायमचंच. पुढे मी त्या एका ‘हो’चं शास्त्र केलं. संथ म्हणजे खोल, वेग म्हणजे दिखावा. मोठमोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या, सगळेच माझ्यापुढे धावत होते, तर त्यांनाही नावं ठेवली. मदरचं ते यंत्राचं वाक्य पस्तीस वर्षं मुलींना ऐकवलं. दुरुस्तीला मात्र तो कधी नेला नाही.

घड्याळजीने वजन जागेवर बसवून दिलं. काल दुपारी शहात्तरवर लावून बसले. दुसऱ्या ओळीत बोटं अडकली. वयाला दोष देता आला असता, पण तेव्हाही याच ओळीत अडकायची. मी तो नॉक्टर्न जन्मात कधी त्याच्या वेगात वाजवलेला नाही.

मेट्रोनोम या पत्रासोबत पाठवते आहे. पोरीला म्हणावं, स्वतः मोज, मावशीवर विश्वास ठेवू नकोस. तिला हे पत्र पूर्ण वाचून दाखव, गाळू नकोस. शनिवारी ती गेली नाही, तर तेही माझ्याच खात्यावर.

मला क्षमा वगैरे कर म्हणत नाही. तू करणार नाहीस, आणि केलीस तर मला राग येईल.

तू विचारलं होतंस. उत्तर द्यायला उशीर झाला.

नाही. तू घाई करत नव्हतीस.

ताई