पाण्याखालच्या बांधावरून

आबा,

आज दादानं एसटीच्या पार्सलनं तुमच्या वस्तू पाठवल्या. चार काट्यांचा लोखंडी गळ एक, जाळ्याला लावायच्या शिशाच्या मण्यांची पिशवी एक आणि तुमची करडी लोकरी टोपी एक. पार्सलचे पैसे त्यानं तिकडेच भरले होते. इथं स्टँडवर हमालानं दहा रुपये मागितले, मी पाच दिले, कारण पोतं मीच उचललं होतं. टोपीला कसर लागलीय. गळाला मात्र गंज नाही, दादा म्हणे दर दिवाळीला त्याला तेल लावायचा. जुनं घर उतरवून तो नवं बांधतोय, म्हणून ही वाटणी. चिठ्ठीत एवढंच आहे, ‘ताई, गळावर हक्क तुझा.’ गळ देवघराच्या खिळ्याला अडकवला आणि त्याच्याकडे बघत हे लिहायला बसले.

तुमच्या खांद्यावर मी पहिल्यांदा जे बघितलं ते जाळं नव्हतं, बंदूक होती. धरणाचं पाणी यायच्या आधीची गोष्ट. पीक राखायच्या परवान्यावर मिळालेली एकनळी बंदूक, आणि तुमच्या मागनं ज्वारीच्या ताटांतून चालणारी मी. एकदा तित्तर दिसला म्हणून मी आनंदानं टाळी वाजवली, तेव्हा तुम्ही वळून माझ्याकडे असं बघितलंत की मी घट्ट हात मागे बांधले. मला वाटलं, शिकार उडाली म्हणून रागावलात. तुम्ही म्हणालात, “पिल्लावाली हाय ती. टाळी वाजीवलीस, आता पिल्लं चुकत्याल.” मग पाणी आलं. शेत गेलं, विहीर गेली, तुम्ही आणि आईनं दोन उन्हाळे दगड वाहून रचलेला बांध गेला. त्याच महिन्यात तुम्ही बंदूक घेऊन इंदापूरला गेलात आणि ठाण्यात जमा करून आलात. आई म्हणाली, “आवं, असू द्यायची की घरात.” तुम्ही म्हणालात, “परवाना पीक राखायचा हाय. पीक पाण्याखाली. आता राखू काय?” आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच शेतावर, म्हणजे त्याच्यावरच्या पाण्यावर, होडी घेऊन मासे धरायला लागलात.

माझं लग्न भवानीनगरला माळकऱ्यांच्या घरात झालं. तुमचे जावई कारखान्यात कारकून. घरात मासळीचं नावसुद्धा घेत नसत. बैठकीत ‘वडील बागाईतदार’ असं सांगितलं गेलं होतं आणि मी मॅट्रिक झालेली असून ती गोष्ट कधी दुरुस्त केली नाही. वाड्यातल्या बायकांनी विचारलं की म्हणायची, “शेती असते त्यांची.” तुम्ही यायचात ते हात राखेनं आणि चिंचेनं घासून, पिशवीत पेरू नाहीतर शेंगा घेऊन. आमच्याकडे मासळीचं खवलंसुद्धा तुम्ही कधी आणलं नाहीत. तरी सासूबाई आतूनच म्हणायच्या, “सूनबाई, तुझं वडील आलं वाटतं. मांजरं उठून बसली बघ.” तुम्ही ऐकायचात, हसायचात आणि ओट्यावरच बसून चहा घ्यायचात. आत या, असं तुम्हाला कुणी म्हणालं नव्हतं. मीही नाही.

तो नव्वद सालानंतरचा एक शिमगा. पाणी बरंच उतरलेलं, पण थंडीत येणारी पाखरं अजून गेलेली नव्हती. मी चार दिवस माहेरी आले होते आणि तुमचे जावई मला न्यायला आले, बरोबर त्यांचा बारामतीच्या एमआयडीसीतला मित्र. मोटरसायकलीवर मध्ये आडवं काहीतरी चादरीत गुंडाळलेलं. मित्राच्या वडिलांच्या परवान्यावरची बंदूक होती ती. माळ घातलेल्या घरातला माणूस बदकं मारायला आला होता, आबा! खायची नव्हती, नुसता बार काढून बघायचा होता म्हणे. तुम्ही जाळं शिवत बसला होतात. मान वर न करता म्हणालात, “पाव्हणं, ती बदकं माझ्या पिकावर येत न्हाईत. कशाला मारायची? आन् आज वारं हाय.” दोघं “व्हय, व्हय” म्हणाले. तुम्ही बाभळीमागं गेलात तेवढ्यात होडी सोडून निघालेसुद्धा.

मी न्याहारी घेऊन काठाला पोचले तेव्हा होडी शंभरेक पावलांवर होती. उघडं पाणी दिसलं की ते सगळीकडे सारखंच खोल असणार, असं पाट-कालव्याच्या कडेला वाढलेल्या माणसाला वाटतं. त्यांना काय ठाऊक, वीतभर पाण्याखाली आपल्या विहिरीचं थारोळं उभं आहे, जिथं मोटेचं पाणी पडायचं तो दगडी चौथरा. होडी त्याच्यावर चढली, कलली आणि उलटली. बार झाला नाही, नुसता ‘धप्’ आवाज आणि मग मित्राची किंकाळी. दोघांनाही पोहता येत नव्हतं. होडी वाऱ्यानं पलीकडे सरकत चाललेली. गावात दुसरी होडी होती ती दुरुस्तीला काढलेली.

तुम्ही काठावर आलात. पाण्यात उडी टाकाल असं मला वाटलं. टाकली नाहीत. हात तोंडाशी नेऊन ओरडलात, “पाव्हणं, हातपाय मारू नगा! पाय खाली सोडा. थारोळ्याच्या बुडाला दगड हाय!” एक डोकं वर आलं, मग दुसरं. दोघं छातीभर पाण्यात उभे! तुमच्या जावयांच्या हातात अजून बंदूक, डोक्यावर धरलेली. “ती टाका आधी,” तुम्ही म्हणालात. ते टाकेनात. परक्याची वस्तू. “मी काढून देतो म्हणतो न्हवं! टाका!” टाकली.

मग तुम्ही त्यांना चालवलंत. ते मला आजही शब्दन् शब्द ऐकू येतं. “मावळतीकडं तोंड करा. म्होरं माझा बांध हाय, दोन हात रुंद. एकामागं एक या. डावीकडं पाऊल टाकू नगा, डावीकडं हीर हाय.” तोपर्यंत तुम्ही स्वतः काठाकडच्या टोकानं त्याच बांधावर पाण्यात उतरलेले, एकेक पाऊल टाकत त्यांच्याकडे निघालेले. “आता पायाला सपाट लागंल. लागलं का? हां, तो माझ्या बायकूनं आणलेला दगड. त्याच्याम्होरं बांध मोडतो, उजवीकडं वळा.” मित्र रडत म्हणाला, “आबा, पाय घसरतोय.” “घसरंल की. चिखुल हाय. इतकी वरसं कुणी खुरपलं न्हाय.” त्या अवस्थेतही जावई हसले, मी बघितलं. “आता खोड यील आंब्याचं. उजव्या अंगानं वळसा.” जावयांचा पाय खोडाला लागला आणि ते ओरडले, “आहे! आबा, आंबा आहे!” जणू काही कैरीच लागली हाताला. पाणी कमरेवर आलं, गुडघ्यावर आलं, आणि मध्येच कुठंतरी तुमचा हात त्यांच्या हाताला लागला.

एवढ्या वर्षांत तुम्ही त्या बांधाला पायानं शिवला नव्हतात. तरी एक पाऊल चुकलं नाही. बायकांना मी सांगत असे की माझे वडील शेती करतात. ते खोटं होतं, असं त्या सकाळपर्यंत मला वाटत होतं.

मला रडू फुटलं तर तुम्ही माझ्यावरच डाफरलात, “रडायचं ते मागनं रड. आधी भाकरी सोड. भिजल्याली माणसं हायेत, भूक लागली आसंल.” त्यांना एक शब्द बोलला नाहीत. मित्र मात्र खाईना. बंदूक वडिलांच्या नावावर, हरवली तर ठाण्यात काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी वारं पडलं तेव्हा तुम्ही पलीकडे लागलेली होडी परत आणलीत आणि आढ्यावरून हा गळ काढलात, विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा. “ह्याच हिरीतनं ह्याच गळानं हिच्या आईच्या बादल्या काढल्यात मी,” असं जावयांना सांगत होडीतून दोर सोडलात. दुपार कलेपर्यंत सोडत राहिलात. शेवटी पट्ट्यात काटा अडकला आणि चिखलानं माखलेली बंदूक वर आली. तुम्ही ती उलटीसुलटी करून बघितलीत. “खवलं न्हाईत, काटं न्हाईत. हिचं कालवण कसं करायचं, पाव्हणं?” मग रॉकेलनं पुसून, तेल देऊन, चादरीत बांधून दिलीत. पुन्हा त्या माणसानं ती पाण्याकडे आणली नाही.

आम्हाला सोडायला तुम्ही भवानीनगरपर्यंत आलात, कारण जावयाला ताप भरला होता. सासूबाई दारातच उभ्या. “काय रे, एक दिवस लांबलास?” तुम्ही म्हणालात, “माझं शेत बघाया आलं हुतं.” सासूबाई म्हणाल्या, “तुमचं शेत तर पाण्याखाली.” तेव्हा जावई खोकत म्हणाले, “म्हणूनच भिजलो.” त्या उन्हाळ्यात सासूबाईंचा हाच मुलगा चार रविवार तुमच्याकडे पोहायला शिकायला गेला आणि दर वेळी ‘सासऱ्यांच्या शेतात काम आहे’ म्हणून गेला. सासूबाईंना कुणी काय सांगितलं, ते मला आजतागायत कळलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला तुम्ही आलात आणि सवयीनं ओट्यावर टेकायला लागलात, तर त्या बाहेर येऊन म्हणाल्या, “आत या आबा. शेतकरी माणूस ओट्यावर कशाला बसतो?” तुम्ही आत आलात. मागोमाग दोन मांजरंही आली. त्यांना कुणी हाकललं नाही.

पाकिटाला तिकीट लावणार नाही, उगीच खर्च. हे पोथीच्या खाली ठेवणार आहे. पण एक राहिलंय, ते कुणाला सांगितलेलं नाही. ते दोघं पाण्यात चालत होते तेव्हा माझा हात गळ्यातल्या माळेवर होता, पण मी देवाचं नाव घेतलं नाही. एकदाही नाही. मी नुसती तुमच्या तोंडाकडे बघत होते आणि तुम्ही ‘उजवीकडं’ म्हणालात की मनात ‘उजवीकडं’ म्हणत होते. इतकी वर्षं रोज हरिपाठ म्हणते आणि रोज नाम घ्यायच्या ठिकाणी थोडी अडखळते. तुम्ही आता देवाच्या जवळ आहात. त्याला वाईट वाटलं होतं का, तेवढं विचारा, आणि उलट टपालानं कळवा.

तुमची
ताई