एक सूत सैल

९ जानेवारी

झालं! पहिली सुई आत गेली. ठकीच्या पाठीच्या कण्यात.

तीस वर्षं सुईवर पोट भरतोय, पण ती सुई बघून मी भिंतच धरली. "बाबा, तुम्ही बाहेर बसा. नाहीतर डॉक्टरांना दोन पेशंट होतील!" — ही पोरगी! सतरा वर्षांची, कुशीवर मुडपून पडलेली, आणि वर मलाच सांभाळते. कणा वाकडा, त्यामुळे वाट सापडेना. एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत तिसऱ्या खेपेला जमलं. आधी कण्यातलं थोडं पाणी काढतात, मग तेवढंच औषध आत सोडतात. मी तिचा अंगठा धरून बसलो होतो.

स्नायूंना हलवणाऱ्या पेशीच वाळत जातात असा हा आजार. चालणं तिला कधी आलंच नाही. आता हातही चाललेत. गेल्या वर्षी चहाचा कप उचलायची, यंदा नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय — गेलेलं परत येईलच असं नाही, आहे ते टिकलं तरी जिंकलो. वर्षअखेर हातांची परीक्षा. काहीच टिकलं नसेल तर औषध बंद.

२४ जानेवारी

काल दुसरी सुई. आज तिचं डोकं ठणकतंय. माझ्यावर चिडली, आईवर चिडली, पंख्यावर चिडली. पंख्याने हिचं काय घोडं मारलंय!

७ फेब्रुवारी

तिसरीही पार पडली.

बायको भांडी घासता घासता एकदम म्हणाली, "अर्धं तुमचं, अर्धं माझं. दोघांनी मिळून दिलं हो पोरीला." आम्हा दोघांना काही झालेलं नाही, पण बिघाड दोघांच्याही रक्तात होता, आणि तिच्यात येऊन तो पुरा झाला. मी म्हटलं, "नाकही दोघांनी मिळूनच दिलंय. जीभ तेवढी सगळी तुझी." हसली. मग रडली. उरलेली भांडी मी विसळली.

१९ मार्च

चौथी सुई होऊन आठवडा झाला. आता पुढची चार महिन्यांनी.

सकाळी दाराआडून पाहिलं. ठकी शर्टाचं बटण लावत होती. बारा मिनिटं! एकही लागलं नाही. मग आईला हाक मारली — अगदी साध्या आवाजात, काही झालंच नाही अशी. तो साधा आवाज मला सहन झाला नाही.

दुपारी तिचे दोन्ही शर्ट दुकानात आणले आणि सगळी काजं एकेक सूत वाढवली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कुणाला दिसणार नाही. शिंप्याशिवाय.

२२ मार्च

"बाबा! लागलं! दोन बटणं लागली! औषध लागू पडतंय!"

बायकोने तिचे पटापट मुके घेतले. मी म्हटलं, वा! दुसरं काय म्हणणार?

५ एप्रिल

पाचही बटणं.

ठकी दुपारी दुकानात बसते, मी मापं सांगतो, ती लिहून घेते. येईल त्या गिऱ्हाइकाला कॉलर ताठ करून दाखवते — "माझी मी लावली!" मी मान खाली घालून टीप मारत राहतो. आज वकिलांच्या शर्टाची काजं बायकांच्या शर्टासारखी उजव्या बाजूला करून बसलो. वकील म्हणाले, "मास्तर, हा आता बायकोला देऊ का?" ठकी हसून हसून पडायची बाकी होती.

११ मे

हातांचा व्यायाम घेणारी ताई आली होती. "घरी काही फरक?" ठकी म्हणाली, "बटणं!" ताईने लिहून घेतलं. पेनाने.

मी हातातल्या कापडाची घडी घातली, मोडली, परत घातली. काय करून बसलो मी! औषधाने काय झालं आणि माझ्या कात्रीने काय, हे आता कळणार कसं? उद्या परीक्षेत हात तसेच निघाले तर ती विचारेल — बटणं तर लागत होती ना बाबा? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपारचं ऊन आहे.

३ जून

ताईला फोन करून सगळं सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, परीक्षेत गुण आम्ही डोळ्यांसमोर बघून देतो. त्याची काळजी नको. ती बटणांची ओळ मी खोडते. पण ठकीला तुम्ही सांगा. ते मी नाही करणार."

रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१२ जून

आज सांगणार होतो. तिच्या बोटाला चिकटपट्टी दिसली. "कशाने ग?" "कागदाने कापलं." मग गिऱ्हाईक आलं. मग जेवण. मग तिचा डोळा लागला.

घाबरट आहेस तू, मास्तर!

१६ जून

निळं रीळ सापडत नाही. बायकोला विचारलं, तर "मला काय माहीत" म्हणून उठूनच गेली. या घरात काही विचारायची सोय नाही.

१४ जुलै

पाचवी सुई. या वेळी पहिल्याच खेपेला!

नंतर ती उताणी पडून होती. तिचा हात माझ्या हातात. म्हटलं, "ठकी, एक सांगायचंय." "उद्या सांगा ना बाबा. आत्ता डोकं जड झालंय." आणि माझं बोट दाबलं. खरंच दाबलं, की मलाच तसं वाटलं?

ठरलं. उद्या आधी काजं होती तशी करायची. मग शर्ट हातात घेऊनच तिच्यासमोर बसायचं.

१५ जुलै

दोन्ही शर्ट उलटे केले. एवढे दिवस त्यांच्याकडे धड बघायची हिंमतच नव्हती.

काल दवाखान्यात घातला होता तो — पाचही काजं लहान केलेली! प्रत्येकाच्या टोकाला, आतून, निळ्या दोऱ्याचे तीन-चार टाके. वाकडे. एकावर एक चढलेले. एका जागी रक्ताचा बारीक डाग. बायकोचा टाका मी ओळखतो, हा तिचा नाही. टेप लावली. बरोबर जुनं माप. आणि काल पाचही बटणं तिची तिनेच लावली होती.

शिंप्याशिवाय कुणाला दिसणार नाही म्हणालो होतो. शिंप्याच्या पोरीला दिसलं.

दुसऱ्या शर्टाची तीन काजं झालीत. चौथ्यात सुई तशीच टोचून ठेवलेली.

होती तशीच राहू दिली. घडी करून शर्ट जागेवर ठेवला.