कच्चे हुलगे

आबा, तुम्हाला जाऊन तीसहून जास्त वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण मिटलेलं नाही, आणि ते मिटवायला मी लिहायला बसलेली नाही. काल एका मेळाव्यात मला कोंबडीच्या खाद्यावर बोलायला बोलावलं होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "मॅडम, कडधान्य चालतंय काय वो कोंबडीला?" उत्तर देताना माझा आवाज चढला. ती बिचारी गोंधळून खाली बसली. मी कुणाशी बोलत होते, हे तिला कसं कळावं?

सत्तरचं दशक संपत आलं होतं. शेतीची पदवी घेऊन मी गावी परतले होते. आपला ऊस कारखान्याला जायला लागल्यापासून गुऱ्हाळ बंद होतं आणि त्याची लांबलचक शेड रिकामी पडली होती. तिथं शंभर ब्रॉयलर पिल्लं आणते म्हटल्यावर ओसरीवर तंबाखू मळत तुम्ही म्हणालात, "कोंबडी उकिरड्यावर जगती. तिला आणि कसलं खाद्य?" मी सांगितलं, ही कोंबडी वेगळी. आठ आठवड्यांत हिला वाढायचं असतं, त्यासाठी प्रथिनं लागतात. बाजारची शेंगपेंड पावसाळ्यात बुरसते आणि त्या बुरशीचं विष पिल्लांना बाधतं. म्हणून आपल्या रानातले हुलगे घालणार. तुमचा हात थांबला. "माणसाच्या तोंडचं कडधान्य कोंबडीला? मग माडगं कशाचं करायचं?"

"मक्यात जे कमी पडतं ते कडधान्यात असतं, आबा. आपण तरी भाकरीबरोबर आमटी कशाला खातो?"

"आमटी मला शिकवू नगंस."

तरी शेड दिलीत. मी हुलगे गिरणीतून भरडून आणले आणि मक्यात निम्मे मिसळले. पहिला आठवडा बरा गेला. तिसऱ्यापासून फरक दिसायला लागला. पिल्लं खायची, पण अंगाला काही लागायचं नाही. विष्ठा चिकट, खाली अंथरलेलं भाताचं तूस कायम ओलं, पिसं विरळ. सहाव्या आठवड्यात ती तीन आठवड्यांच्या पिल्लांएवढी दिसत होती. मी रोज एकेक उचलून वजन करत होते आणि रोज काटा तिथल्या तिथंच.

त्याच दिवसांत मला बघायला शिरोळकडचे पाहुणे आले. चहा झाला, तुम्ही उठलात आणि त्यांना सरळ शेडकडे घेऊन गेलात. मी मागोमाग येते. तुम्ही दार उघडता, त्यातल्या त्यात रोडकं पिल्लू पायाला धरून वर काढता. "बघा पावणं, आमच्या पोरीचं शिक्षान. पुस्तकावर वाढवल्यात ही." पाहुणे हसतात. तुम्हीही हसता. मी नव्या लुगड्यात त्या ओल्या तुसावर उभी आहे आणि तुम्ही माझ्याकडे बघत नाही. ते लोक परत आले नाहीत, त्याचं मला कधीच काही वाटलं नाही. तुमचं हसणं मात्र अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

संध्याकाळी आई आली. तिनं एक पिल्लू उचललं, छातीचं हाड चाचपलं. "कच्चंच घालतीस व्हय?"

मी होकारार्थी मान हलवली.

"अगं, बैलास्नी शिजवून घालतोय की आपण. कच्च्या हुलग्यानं बैलाचंबी पोट बिघडतंय. तुझ्या आबांस्नी सगळं ठावं हाय."

कच्च्या कडधान्यात पचन अडवणारं काहीतरी असतं आणि उष्णतेनं ते मोडतं. शास्त्रात त्याला लांबलचक नाव आहे. तुम्ही मात्र नाव न घेता रोज सकाळी बैलांसाठी हंडा चढवत होता आणि सहा आठवडे त्याच वाटेनं माझ्या शेडवरून जात होता. मी तशीच गोठ्यात आले. "ठावं होतं तुम्हाला?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाई?"

बैलाचं दावं बांधता बांधता तुम्ही म्हणालात, "तू इचारलंस काय?"

आई म्हणाली, आता पुरे कर. मी दुसरी शंभर पिल्लं आणली. गुऱ्हाळाच्या चुलवाणावर माझ्याच अंदाजानं हुलगे शिजवले, पत्र्यावर वाळवले, मग भरडले. निम्म्याऐवजी चौथा हिस्साच घातला, आणि हुलग्यात जे कमी पडतं त्यासाठी कोकणातून सुकी मासळी मागवून तिची भुकटी मिसळली. सगळ्या आळीला वास. तुम्ही धोतराचा सोगा नाकाला लावून जायचात, आणि तुम्ही येताना दिसलात की मी शेडचं दार मुद्दाम सताड उघडायची. आठव्या आठवड्यात पक्षी हाताला जड लागायला लागले. कोल्हापुरातल्या एका खानावळवाल्यानं सगळे एकदम नेले. ते टोपल्यांत भरत असताना तुम्ही आलात, एक कोंबडा उचलून हातावर तोलला, खाली ठेवला. "बरं हाय," म्हणालात आणि गेलात. आणखी काहीतरी बोलाल म्हणून मी दारातच उभी राहिले. पुढं त्या शेडशेजारी आणखी दोन शेडी उभ्या राहिल्या. लग्नही केलं, माझ्या पसंतीनं, माझ्या वेळेला. पण त्या दोन शब्दांत तुम्ही शेवटपर्यंत तिसऱ्याची भर घातली नाहीत.

चुकलात तुम्ही, आबा. समोर शंभर जीव वाळत असताना लेकीनं विचारण्याची वाट बघत बसायचं नसतं. हे मी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, तेव्हा नाही म्हटलं, म्हणून आता म्हणते. मेळाव्यांतून मी ही हकिकत नेहमी सांगते आणि लोक दर वेळी माझ्या बाजूनं होतात. कालही झाले. हा कागद मात्र कुणाला दाखवायचा नाही, कपाटातल्या साड्यांखाली जाईल, कारण एक गोष्ट मी तिथं सांगत नाही. कॉलेजच्या पुस्तकात, कडधान्यांच्याच पानावर, तळाशी लिहिलं होतं की ती शिजवून किंवा भाजून द्यावीत. पहिली पिल्लं येण्याआधीच मी ते वाचलं होतं. आईपुढं नुसतं पहिल्यांदा ऐकल्यासारखं केलं. किती वेळ शिजवायचं, किती पाणी घालायचं, एवढं त्यात दिलेलं नव्हतं. ते तुम्हाला विचारावं लागलं असतं, आणि मला तुम्हाला विचारायचं नव्हतं.