राहून गेलेली ओळ

४ जून
नव्या प्रयोगशाळेतला पहिला दिवस, आणि मी चक्क गुणगुणत घरी आलो. पंचेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी, तीही घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर! काम आवडीचं: औषधी वनस्पतींच्या मुळ्या, साली, पानं वाळवून दळायची, अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायची आणि तो अर्क तपासायचा. बाटल्यांवर नावं नाहीत, फक्त आकडे; तपासणाऱ्याचं मन एखाद्या झाडाकडे झुकू नये म्हणून. आमच्या प्रमुख मॅडम फटकळ आहेत. माझे हात बघून म्हणाल्या, जराही थरथरत नाहीत, म्हणजे लग्न झालेलं दिसत नाही. खरंच झालेलं नाही.
आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, छान झालं दादा, आता तुझ्यासाठी मुली बघायला हव्यात. दोन वर्षं झाली, ती मला तिचा भाऊच समजते.

१९ जून
अर्कात ऑक्सिडीकरण रोखायची ताकद असेल तर आमचं जांभळं द्रावण पिवळं पडतं. एकतीस नंबरने दोन मिनिटांत रंग उतरवला. मग मेंदूच्या पेशींवर प्रयोग. तबकडीत चार ओळी लावायच्या असतात: निरोगी पेशी, पेरॉक्साइडने इजा केलेल्या, इजा करून अर्क दिलेल्या, आणि निरोगी पेशींना नुसता अर्क. या आठवड्यात पेशी कमी पडल्या, म्हणून चौथी ओळ सोडली. वहीत 'नंतर' असं लिहून ठेवलं.
तिसऱ्या ओळीतल्या पेशी जगल्या. इतकंच नाही, तुटलेले धागे त्यांनी पुन्हा एकमेकींकडे लांबवले. मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या त्या जेवायलाही उठल्या नाहीत.

२ जुलै
लिहायला लाज वाटते. एकतीस नंबर आईसाठी घरी आणला. अल्कोहोल उडवून, उरलेला अर्क पाण्यात कालवला. ही चोरी आहे. त्याहून वाईट म्हणजे, जिला हो किंवा नाही म्हणता येत नाही तिला मी न तपासलेलं औषध देतोय. म्हणून स्वतःला नियम घातला: तिला जेवढं देईन, तेवढंच रोज आधी मी घेईन. हा प्रामाणिकपणा, की मनाची समजूत?

१५ जुलै
सकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, ढब्या, किती रे वाळलास! मला ढब्या म्हणणारी जगात ती एकटीच. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. ती म्हणाली, घोडा झालास तरी नाक पुसायला शिकला नाहीस.

२४ जुलै
बाबा गेले हे आईला आठवलं. पोटभर रडली, मग उठून त्यांचं कपाट आवरलं.
येताना मी रस्ता चुकलो. दहा मिनिटांचा रस्ता. दमलो असेन.

२९ जुलै
पिपेट हातात धरून उभा होतो. ती कशासाठी, ते आठवेना. मॅडमनी हळूच काढून घेतली. चिडल्या नाहीत. त्यानेच घाबरलो.
आज चौथी ओळ लावली: निरोगी पेशी, नुसता अर्क.

३१ जुलै
एकही पेशी मेलेली नाही. सगळ्या टवटवीत. पण धागे आत ओढून घेतलेले— नुसते गोळे. एकीचाही दुसरीला स्पर्श नाही. अर्क तुटलेल्यांना जोडतो, आणि जे धड आहे ते—
माझा डोस बंद केला. आईचा नाही. तिला सांगितलं तर ती घ्यायची नाही.

६ ऑगस्ट
बंद करूनही थांबत नाही. आईने दारांवर चिठ्ठ्या लावल्यात: न्हाणीघर. जिना— जपून.
तिने ही वही वाचली. बाटली ओतायला निघाली. मी मनगट धरलं. म्हटलं, दोघांपैकी एकाला तरी दुसऱ्याची ओळख राहू दे. तिने थोबाडीत मारली. मग बाटली होती तिथे ठेवली आणि माझा गाल धरून—

ऑगस्ट
आज शब्द येत नव्हते. आता थोडे आहेत. लिहितो— काय लिहायचं होतं—

सकाळ
इथे एक बाई असतात. चांगल्या आहेत. केस विंचरून देतात. डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाल्या, कांदा चिरत होते. पण कांदा कुठे—
मी म्हटलं, रडू नका. जरा बसा. माझी आई येईलच इतक्यात. तिला सगळं सांगा, ती तुम्हाला—