रोख नाही, रोखे

मोहने,
३ मार्च २०२५

ती. आत्यास संचिताचा साष्टांग नमस्कार.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मशीन तू कानाला लावत नाहीस, म्हणून ह्यांच्या हाती चिठ्ठी देतेय. हे हाताच्या व्यायामाला ठाण्याला येतातच. जखम सुकली, पण कारखान्यातल्या मशीनमध्ये गेलेली दोन बोटं गेलीच. कंपनीने सहा लाख भरपाई दिली आणि तेव्हापासून घरात तोच विषय.

नणंदेचे मिस्टर केदार भावोजी सारखे येतात. बोलतात, सगळे एका कंपनीच्या रोख्यांत टाका, वर्षाला चौदा टक्के. मी बोलले, रोखच तर आहे, अजून रोख कशाला? सगळे हसले. आमची रसिकासुद्धा, आणि ती चार वर्षांची!

हे बोलतात, तू सांगशील तसं करू. त्याचीच जास्त भीती वाटते. मी आठवी शिकलेली. माझं चुकलं तर पोरीचं काय? तू तीस वर्षं वाचनालयात काढलीस. मला कळेल असं पुस्तक दे ना. भावोजींना महिनाअखेरीला सांगायचंय.

माया आहेच तुझी, ओरडलीस तरी चालेल.

तुझी,
संचिता

नौपाडा,
५ मार्च २०२५

चि. संचितास सरोजआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी हसले नाही, हे आधी लिहिते. रोखा म्हणजे आपण सरकारला किंवा कंपनीला ठरावीक मुदतीसाठी कर्ज दिल्याचा कागद. व्याज ठरलेले असते, म्हणून ‘निश्चित उत्पन्न’ म्हणतात. त्या ‘निश्चित’वर भाळू नकोस. घेणारा बुडाला की काहीच निश्चित नाही.

सुशांतजवळ तीन पुस्तके देते आहे. चांगले कोणते ते मी सांगणार नाही. कव्हर बघू नकोस, अनुक्रमणिका बघ. पैसे कसे बुडतात हे ज्यात लिहिलेले नाही, ते परत पाठव. आणि पान दुमडलेस तर येऊन कान पिळीन.

रसिकाला पापा. तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे.

तुझी,
सरोजआत्या

मोहने,
२७ मार्च २०२५

ती. आत्यास संचिताचा नमस्कार.

चकचकीत कव्हरवालं परत पाठवलंय. दोनशे पानं, पण बुडण्याचं एक पान नाही. जाडं चांगलं असेल, पण त्यातली मराठी मला मराठीच वाटेना. पातळवालं ठेवलं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत रोज वाचते.

एका ठिकाणी मात्र जाम अडले. बाजारात व्याज वाढलं की जुन्या रोख्याची किंमत उतरते म्हणे. का? चार दिवस डोकं फिरलं. मग साडीला फॉल लावता लावता कळलं. मी दुकानदाराला वर्षभर साठ रुपयांत फॉल लावून द्यायचं कबूल केलंय, आणि आता सगळीकडे ऐंशी झालेत. ते काम शेजारच्या निशाच्या गळ्यात मारायला गेलेले, तर ती बोलली, साठात मी कशाला करू, वरचे वीस तू भर. आत्या, तस्संच गं! जुन्या रोख्याचं व्याज कमी, तो मधेच विकायचा तर कमी पडलेलं आपण सोसायचं. मी हसत सुटले. निशाला वाटलं तिलाच हसतेय, ती अजून फुगलेली आहे.

परवा भावोजी आले. मी त्यांच्या कंपनीचा कागद मागितला आणि पुस्तकासारखाच चाळला. विचारलं, पैसे बुडाले तर काय, ते कुठल्या पानावर आहे? मधेच गरज लागली तर विकत कोण घेणार? भावोजी बोलले, वहिनी, शंका काढत बसलात तर म्हाताऱ्या व्हाल. मग हे बोलले, दाजी, तिने वाचलंय, तुम्ही वाचलंय का? भावोजींनी चहा बशीत ओतला आणि नुसते फुंकत बसले.

त्यांना ‘नको’ म्हणून सांगितलं. तीन लाख बँकेत मुदत ठेव करायचे, बाकीचे सरकारी रोख्यांत, आणि ते मुदत संपेपर्यंत विकायचे नाहीत, असं मी ठरवलं.

आज बँकेत गेलेलो. साहेबांनी ठेवीचा फॉर्म ह्यांच्यापुढे सरकवला, ह्यांनी माझ्यापुढे. साहेब बोलले, ताई, कळतंय ना कशावर सही करताय? मी फॉर्म उलटून मागचं पान बघितलं. बोलले, कळतंय, फक्त मुदतीआधी काढले तर किती कापणार ते इथे नाहीये, आधी ते लिहून द्या.

साहेबांनी पेन उघडलं आणि लिहून दिलं. मग मी सही केली.

तुझी,
संचिता सुशांत