कुंडी जमिनीवरच

साकोली, गुरुवार, संध्याकाळ

माझ्या छकुलीनं आज मनीप्लांटचं पान चावलं. पानावर तिच्या इवल्या दातांच्या खुणा. ओठ सुजले, लाळ थांबेना. डॉक्टर म्हणाले, सूज उतरेल, पण ते पान विषारीच. घरी येताच मी कुंडी कपाटावर ठेवली. सासूबाईंनी लगेच खाली उतरवली.

"वरून वेल खाली लोंबली त बरकत जाते. उद्या माह्या लेकाच्या नोकरीचा निकाल हाये, अन् तू आजच कायले हालवून राहिली वं?"

हे चपला काढून आत गेले. मीही कुंडी परत वर ठेवली नाही! काहून? मलेही ती नोकरी पाहिजेच ना.

छकुली आता झोपली आहे. ते दातांच्या खुणांचं पान अजून वेलीवरच आहे. उद्या ह्यांना नोकरी लागली, तर ही कुंडी जमिनीवरून कधीच हलणार नाही.