कॅप्टनचं पान

१३ सप्टेंबर
घर मिळालं एकदाचं! कापेलला, आयसेल नदीच्या बांधालगत, वरचा मजला. नगरपालिकेत पत्त्याची नोंदही झाली, तिच्याशिवाय लेकीला इथे येण्याची परवानगी नव्हती. आता सत्तावीसला विनय ईशानीला घेऊन येईल. सहा वर्षांची पोर तीन महिने फोनवरच पाहतेय मी. दिवाणखान्यात एका कॅप्टनची तसबीर आहे. घरमालकीण मारेइके खालीच राहते. ती म्हणाली, दीडशे वर्षांपूर्वी घर यानेच बांधलं. पॅसिफिकच्या बेटांवरून खोबरं आणायचा, मागे वारस नाही. खोबरं म्हटल्यावर मला तो आमच्या गुहागरचाच वाटला.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
बाबांचं पान वाढलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी. कावळा कुठला, सीगल आला. मग तसबिरीकडे लक्ष गेलं. बिचाऱ्याला पाणी देणारं कोणी नाही. त्याचंही पान मांडलं, तांब्या भरला, पोटभर पी म्हटलं. विनय फोनवर चिडला, ओळख ना पाळख, नसता उपद्व्याप कशाला. तासाभराने पाहिलं. अन्न तसंच, तांब्या ठणठणीत कोरडा.

२४ सप्टेंबर
किटली, फुलदाणी, बाटली, भरलेलं काही टिकत नाही. मारेइकेला विचारलं. हवामान सांगावं तसं तिने सांगितलं. खोबऱ्याबरोबर तो माणसंही न्यायचा, करारावर अंगठे घेऊन, मळ्यांवर राबायला. एकदा वारा पडला, पाणी पुरेना. त्याने ऐंशी जणांना जहाजाच्या तळात कोंडून वरून झाकणं खिळ्यांनी ठोकली. पिंपं स्वतःजवळ ठेवली. आणि मी त्यालाच पोटभर पी म्हटलं! त्या ऐंशींना कोणी विचारलं? मीही विचारलं नाही. लाज वाटते. मीसुद्धा इथे नोकरीच्या करारावरच आलेय की.

२६ सप्टेंबर
ऐंशी कागदी पेले भरून मांडले. त्या लोकांसाठी, असं मोठ्याने म्हटलं. वळेपर्यंत सगळे रिकामे. तसबिरीतले ओठ ओले.
फरशीखालून थापा — नखं —
घर सोडलं तर नोंद जाईल. नोंद गेली तर पोरीचं येणं —

२७ सप्टेंबर, दुपार
आले दोघं. ईशानीचं तोंड सुकलंय. आल्या आल्या पाणी मागितलं.
नळ कोरडा. खाली मारेइकेकडे धो धो वाहतोय, इथे ऐकू येतो. विनय आणायला गेला.
दार आपोआप लागलं. उघडत नाही.
बाहेरून खिळे ठोकतंय कोणी. विनय हाका मारतोय, लांबून.
तसबिरीत कोणीच नाही.
आई, पाणी, म्हणते. पुन्हा म्हणते. आता नुसतेच ओठ —